जामीन

आम्ही दोघे भाऊ. एक लासलगावच्या बाजारात कांदा तोलण्याचे काम करतो, दुसरा पिकअप चालवतो. लिहायला एकाने घेतले आहे, पण दुसरा शेजारी बसून चुका काढतो आहे. म्हणून 'आम्ही' असेच लिहितो. जे घडले ते आम्हा दोघांवर सारखेच घडले आहे.

आमच्या घरात सातवीपुढे कोणी गेले नव्हते. अब्बा हमाल होते. निफाड तालुक्यातल्या या गावात 1947 साली बाजार समिती आली आणि आमच्या दादांच्या पाठीवर गोणी आली. ती अब्बांच्या पाठीवर गेली. आमची बहीण मात्र वेगळी निघाली. लिलावाच्या भोंग्यांत, ट्रॅक्टरांच्या धुरळ्यात, शेजारच्या खळ्यावरच्या कांद्याच्या उग्र वासात ती अभ्यास करायची. बारावीला तिने असे गुण मिळवले की शाळेचे सर घरी पेढे घेऊन आले. अम्मीने त्यांना बसायला चटई दिली आणि स्वतः दाराआड जाऊन रडली. ते साल 2011.

गल्लीच्या तोंडाशी फौजी चाचा राहतात. आमचे सख्खे चाचा नव्हेत, पण सख्ख्यांपेक्षा जवळचे. 1968 साली ते तोफखान्यात भरती झाले. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात ट्रेनिंग झाले आणि 1971 च्या लढाईत ते पश्चिम सीमेवर तोफेपाशी होते. हवालदार होऊन घरी आले. तोफेने त्यांचा जीव घेतला नाही, पण डावा कान घेतला. उजवाही हळूहळू जात राहिला. त्यामुळे चाचा मोठ्याने बोलत आणि आम्हीही त्यांच्याशी मोठ्याने बोलायचो. आमच्या गल्लीत गुप्त अशी गोष्टच राहत नसे.

चाचांचे म्हणणे, मुलीला पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात घालावे. 1948 साली निघालेले हे कॉलेज. तिथे शिक्षणाचा भार सरकार उचलते आणि शिकून झाल्यावर डॉक्टरने फौजेत नोकरी करायची. "पैसे का सवालच नहीं, फीस खिदमत से अदा," असे चाचा सांगत. बहिणीने परीक्षा दिली. पण तिथे मुलींच्या जागा मुलांच्या मानाने थोड्या. तिचे नाव यादीत आले नाही. सरकारी कॉलेजची यादीही थोड्या गुणांनी हुकली. मिळाले ते खासगी कॉलेज. फीचा आकडा अब्बांनी दोनदा विचारला. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ते उठून नमाजला गेले.

अब्बांची अडचण दुहेरी होती. एक पैशाची. दुसरी व्याजाची. सूद देणे-घेणे हराम, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. अब्बांनी आयुष्यात सावकाराचा उंबरा ओलांडला नव्हता. ज्या व्यापाऱ्याकडे ते हमाली करत त्या शेठनी पन्नास हजार रुपये बिनव्याजी उचल दिली, "हमालीतून वळते करू" म्हणाले. शेठ मारवाडी, पण आमच्या पुस्तकात ज्याला कर्ज-ए-हसना म्हणतात ते आम्हाला पहिल्यांदा त्यांच्या गादीवर पाहायला मिळाले. अम्मीच्या चार बांगड्या गेल्या. केंद्र सरकारची अल्पसंख्याकांसाठी 'मेरिट कम मीन्स' शिष्यवृत्ती तेव्हा होती, फीपोटी वर्षाला वीस हजार. तिचा अर्ज भरला. पण हे सगळे मिळून एका वर्षाचीही फी होत नव्हती.

मशिदीतल्या बुजुर्गांत दोन मते पडली. कोणी म्हणाले, मजबुरीला वाट असते. कोणी म्हणाले, डॉक्टर होणे ही मजबुरी कशी? अब्बा दोन्ही बाजू ऐकून घरी आले. त्या रात्री ते झोपले नाहीत, आम्हीही नाही. पहाटे त्यांनी अम्मीला एवढेच सांगितले, "आपल्या आईचं बाळंतपणात काय झालं ते तुला माहीत आहे. तेव्हा इथं लेडी डॉक्टर नव्हती." दादी आमच्या फूफीच्या वेळी गेली होती. त्या एका वाक्यावर आमच्या घराने बँकेची पायरी चढली.

बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना 2001 सालची. तिचा हिशेब तेव्हा असा होता: चार लाखांपर्यंत तारण नको, साडेसात लाखांपर्यंत त्रयस्थ जामीनदार हवा, त्याच्या वर गेलात तर मालमत्तेचे तारण. आम्हाला दहा लाख हवे होते. आमचे घर भाड्याचे. साहेबांनी कागद परत सरकवले.

दुसऱ्या दिवशी चाचा अब्बांबरोबर बँकेत आले. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पेन्शनचे पुस्तक. ते टेबलावर ठेवून म्हणाले, "ही घ्या जामीन. मुलीने नाही फेडले तर यातून कापा." साहेब भला माणूस होता. त्याने सांगितले, पेन्शनवर जप्ती येत नाही, तसा कायदाच आहे, इंग्रजांच्या काळातला, 1871 चा. ज्यावर जप्ती येत नाही ते तारण म्हणून चालत नाही. चाचांना ऐकू आले नाही. आम्ही त्यांच्या कानाशी ओरडलो. सगळी बँक वळून बघू लागली. चाचा हसले. म्हणाले, "मतलब, जो मेरा पक्का है वो बेकार. ठीक है, कच्चा घेऊन येतो."

कच्चे म्हणजे त्यांचा दोन गुंठ्यांचा प्लॉट. फौजेतून सुटताना मिळालेल्या पैशांतून घेतलेला. तो प्लॉट कशासाठी ठेवला आहे हे सगळ्या गल्लीला माहीत होते. चाचा-चाचींना मूलबाळ नाही. प्लॉट विकून दोघांनी हजला जायचे, असे ठरलेले. चाचींनी इहरामचे कापडसुद्धा घेऊन ठेवले होते. अब्बा 'नको' म्हणाले, दहा वेळा म्हणाले. चाची म्हणाल्या, "पोरगी पाच वर्षांत डॉक्टर होते. आम्ही काय पाच वर्षांत मरतो?"

खरेदीखत बँकेच्या तिजोरीत गेले. बहीण कॉलेजात गेली.

त्यापुढचे सगळे सांगत बसत नाही. एक गोष्ट सांगायला हवी. 2009 पासून केंद्राची व्याज अनुदान योजना होती. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असले तर शिक्षण चालू असतानाचे आणि त्यापुढच्या सवलतीच्या काळाचे व्याज सरकार भरणार. अब्बांना याचा फार आधार वाटला. सूद आपल्या हातून जाणार नाही, निदान एवढी वर्षे तरी. निफाडच्या तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणून दरवर्षी आम्ही शाखेत दिला. सहा वर्षांनी खाते पाहिले तेव्हा कळले की दोन वर्षांचा दावा शाखेने वर पाठवलाच नव्हता. त्या दोन वर्षांचे व्याज मुद्दलात मिसळले होते. कोणी हेतूने केले असे नाही. साहेब बदलला, कागद फाइलमध्ये राहिला. पण त्या फाइलने आमच्या हप्त्यात भर घातली आणि अब्बांच्या झोपेत घट केली.

बहीण डॉक्टर झाली. अम्मीने बाजारात सगळ्यांना खजूर वाटले. आमच्या बाजारात कोणाचा कांदा विकला गेला नाही त्यांनासुद्धा.

2018 साली तिने माजी सैनिकांच्या दवाखान्यात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम घेतले. ही माजी सैनिकांची अंशदायी आरोग्य योजना, जिला सगळे ईसीएचएस म्हणतात, 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झाली. निवृत्त होताना सैनिक एकदाच वर्गणी भरतो, त्याला कार्ड मिळते, त्याच्यासह बायकोला, अवलंबून असलेल्यांना उपचार मिळतात. देशभरात तिचे चारशेहून अधिक दवाखाने आहेत. त्यांतला एक, दुसऱ्या जिल्ह्यातला, आमच्या बहिणीच्या वाट्याला आला. अधिक पगाराच्या जागा होत्या. पण तिने हीच धरली, आणि का धरली हे तिला कोणी विचारले नाही.

ती सुट्टीवर आली की तिथले सांगायची. म्हातारे जवान सकाळी आठलाच येऊन रांगेत बसतात, एकमेकांना रँकने हाक मारतात. कोणाच्या पायात जुनी गोळी, कोणाला साखर, कोणाला रात्री झोप नाही आणि त्याचे कारण तो सांगत नाही. एक पॅरालिसिस झालेला सुभेदार डॉक्टर खोलीत आला की बसल्या जागी हात कपाळाकडे नेतो. ती म्हणायची, "यांना गोळ्यांपेक्षा तोच डॉक्टर पुन्हा दिसायला हवा असतो. आधीच्या डॉक्टरला सगळं सांगितलेलं असतं, ते पुन्हा नव्याला सांगायची त्यांना लाज वाटते."

फौजी चाचांच्या कानाचेही तिनेच मनावर घेतले. ते म्हणत, "उमर झाली." ती म्हणाली, ही उमर नाही, ही तोफ आहे. कार्डावर श्रवणयंत्र मिळते हे चाचांना इतक्या वर्षांत कोणी सांगितले नव्हते. तिने कागद करून दिले. यंत्र बसले त्या दिवशी चाचा गल्लीत उभे राहून अजान ऐकत होते. म्हणाले, "मुअज्जिन बदलला का?" मुअज्जिन बदलून सात वर्षे झाली होती.

2019 च्या रमजानमध्ये अब्बा गेले. जनाजाच्या नमाजआधी इमामसाहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारले, मरहूमकडे कोणाचे काही देणे असेल तर सांगावे, वारसांनी जिम्मा घ्यावा. आम्ही दोघे पुढे झालो आणि म्हणालो, "जे आहे ते आमच्या जिम्मे." बँकेचा कोणी माणूस त्या सफेत नव्हता. पण बँकेचे कर्ज होते, आणि अब्बा सहकर्जदार होते. आम्हाला लहानपणी अब्बांनीच सांगितलेली हदीस त्या क्षणी आठवली: एका कर्जदाराचा जनाजा आला तेव्हा रसूलुल्लाह नमाज पढवायला थांबले, आणि अबू कतादा यांनी ते कर्ज स्वतःवर घेतले तेव्हाच पुढे झाले.

चाचा त्या दिवशी यंत्र घरीच विसरले होते. त्यांना इमामसाहेबांचा प्रश्न ऐकूच आला नाही. कब्रस्तानातून परतताना कळले तेव्हा ते आमच्यावर चिडले. "मला हाताला धरून सांगायचं होतं. जामीन मी आहे की तुम्ही?"

त्याच वर्षी बहिणीचा करार संपला. हे करार मुदतीचे. मुदत संपली की पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. तिची पुन्हा निवड झाली नाही. दुसरीकडे काम मिळेपर्यंत चार-पाच महिने गेले. हप्ता वीस हजारांच्या वर होता. त्यावर्षी अवकाळी पावसाने कांदा शेतातच सडला, बाजारात आवक नव्हती. भाव आभाळाला, पण तोलायला माल नाही आणि वाहायला गोण्या नाहीत. कांदा महाग झाला की लासलगाव श्रीमंत होते असे बाहेरच्यांना वाटते. तोलणाऱ्याला क्विंटलवर मिळते, भावावर नाही. तीन हप्ते थकले.

डिसेंबरात पोस्टमनने आम्हाला बाजारात गाठून विचारले, "फौजी चाचांचं बँकेत काही लफडं आहे का? दोन रजिस्टर आली त्यांना." आम्ही धावत गेलो. चाचांनी आधी कबूलच केले नाही. मग ट्रंक उघडली. त्यांच्या मेडलांखाली, रुमालात गुंडाळून, बँकेच्या दोन नोटिसा. ज्या माणसाने आयुष्यात कॅन्टीनचे बिल थकवले नव्हते त्याच्या नावावर छापील अक्षरांत 'थकबाकी' आणि 'तारण मालमत्तेवर कारवाई'. आम्हाला सांगितले का नाही, विचारले. ते म्हणाले, "तुम्हारे अब्बा की क़ब्र अभी ताज़ी है."

आम्ही दोघे त्या रात्री बहिणीशी बोललो. ती फार वेळ गप्प राहिली. तिने दुसऱ्या एका सैनिकी दवाखान्यात अर्ज केला होता, मुलाखत व्हायची होती. ती तिने सोडून दिली आणि नाशिकमधल्या एका खासगी रुग्णालयात रात्रपाळी धरली. पगार दीडपट. तिथे फौजी पेन्शनर फारसे येत नव्हते. आले तरी एका नजरेपुरते. ज्यांच्यापैकी एकाने तिच्यासाठी जमीन लावली होती, त्यांनाच सोडून तिला त्याची जमीन सोडवावी लागली. हा पेच आम्हाला आजही सुटलेला नाही.

मग कोविड आला. मार्च ते ऑगस्ट 2020 रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना सहा महिन्यांची सवलत दिली. आम्ही घेतली, पगार कापला गेला होता. सवलत हप्त्याला होती, व्याजाला नव्हती. ते साचत राहिले. एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत चाची गेल्या. बहीण त्या वेळी चोवीस-चोवीस तास ड्युटीवर होती. तिने बेड मिळवून दिला, पण चाचींच्या फुप्फुसाला तोवर उशीर झाला होता. इहरामचे ते पांढरे कापड कपाटात तसेच होते. पाच वर्षांची दहा झाली होती.

आम्हाला कोणी असे म्हटले नाही की तुमच्या कर्जाने त्यांची हज गेली. चाचांनी तर कधीच नाही. पण आम्ही दोघे बाजारात काट्यापाशी उभे असलो की आम्हाला तो काटा दिसतो. एका पारड्यात आमची बहीण डॉक्टर, दुसऱ्यात चाचींची हज.

मागे एकदा बहिणीनेच सांगितले. अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत डॉक्टर, नर्स मिळत नाहीत, टिकत नाहीत. म्हणून 1998 साली त्यांनी कायदा केला: जो त्या रुग्णालयात नोकरी धरील त्याच्या शिक्षणाच्या कर्जाचा भार सरकार हलका करील. डॉक्टरने वर्षभर हप्ते भरायचे, सरकारने ते परत करायचे. 2018 च्या कायद्याने ही रक्कम पाच वर्षांत दोन लाख डॉलरपर्यंत वाढवली. सगळ्यांना मिळते असे नाही. जिथे माणूस मिळत नाही त्या जागांसाठी आहे. ऐकून आमच्यातला पिकअपवाला म्हणाला, "म्हणजे चाचांनी पहिल्या दिवशी सांगितलं तेच. फीस खिदमत से अदा."

आपल्याकडे हे अगदीच नाही असे नाही. पुण्याच्या फौजी कॉलेजात आहे, पण ते सेवेतल्या सैनिकासाठी. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून डॉक्टर झालेल्याकडून सरकार एका वर्षाच्या सेवेचे बंधपत्र घेते, नाही तर दहा लाखांचा दंड. म्हणजे सेवेचा आणि पैशाचा हिशेब मांडायला आपले सरकार शिकलेले आहे, पण तो दंडाच्या बाजूने. कर्ज काढून शिकलेली हमालाची मुलगी स्वखुशीने म्हाताऱ्या जवानांच्या दवाखान्यात बसायला तयार असेल, तर तिचा निम्मा हप्ता तरी उचलावा, करार एकेका मुदतीचा न ठेवता पाच वर्षांचा करावा, हे हिशेबाच्या दुसऱ्या बाजूचे काम. आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर सूट मिळते असे आम्हाला एका शिकलेल्या माणसाने सांगितले. ती सूट ज्याला कर भरावा लागतो त्याला. काटा धरणाऱ्या सहकर्जदाराला तिचा काय उपयोग?

आणि फक्त सरकारकडे बोट दाखवून आमची सुटका नाही. जकातीचे जे आठ हकदार कुरआनने सांगितले त्यात कर्जात बुडालेला माणूसही आहे. अडचणीतल्या कर्जदाराला मुदत द्यावी, माफ केले तर अधिक चांगले, असेही सांगितले आहे. आमच्या बिरादरीत दरवर्षी जकात निघते. ती शिधावाटपात जाते, मदरशात जाते, चांगल्याच कामात जाते. पण कर्ज काढून शिकलेल्या मुलीचा हप्ता हा जकातीचा विषय होऊ शकतो, हे आम्ही मांडले तेव्हा बैठकीत हसू आले. कोणी म्हणाले, "डॉक्टरीण को ज़कात?" आम्हीही त्या वेळी ओशाळून गप्प बसलो. ओशाळायला नको होते. डॉक्टर होण्याआधी ती कर्जदार होती, आणि ते कर्ज तिने आपल्यासाठी एकटीसाठी काढले नव्हते.

डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली, लिलाव बंद पडले, आमचे हात रिकामे झाले. त्या महिन्यांचे हप्ते सगळे बहिणीने एकटीने भरले. मार्च 2025 मध्ये शेवटचा हप्ता गेला. बेबाकी दाखला मिळायला आणखी काही खेपा झाल्या. मग खरेदीखत परत आले. चौदा वर्षे तिजोरीत राहून कागद घडीवर फाटायला आला होता.

आम्ही तिघे ते चाचांना द्यायला गेलो. त्यांनी चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचले, चतुःसीमाही वाचल्या. मग बहिणीला विचारले, "अब तू कहाँ काम करेगी?"

तिने सांगितले की सैनिकी दवाखान्यांची जाहिरात आली आहे, तिने अर्ज टाकला आहे. पुन्हा कंत्राटीच. पगार आताच्यापेक्षा कमी. चाचांनी कानामागे हात धरला. यंत्राची बॅटरी उतरली होती. बहीण खाली वाकली आणि त्यांच्या उजव्या कानाशी तेच सगळे पुन्हा ओरडून सांगितले. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

चाचांनी मान हलवली. खरेदीखत ट्रंकेत ठेवले नाही, उशाखाली ठेवले. म्हणाले, चाचींच्या नावाने हज-ए-बदल करायची आहे, प्लॉटला गिऱ्हाईक बघा.

आम्ही गिऱ्हाईक बघतो आहोत. तोवर शेजारच्या शेतकऱ्याने विचारून त्या दोन गुंठ्यांवर उन्हाळ कांदा वाळत घातला आहे. चाचा संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसतात.